आमच्या अंगणांतील चिनाई मेंदी

वैशाखांत आमच्या सोलापूरकडे ऊन कसें असतें, हें या वार्षिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पारा चाळीस अंशांच्या वर जातो, काळ्या जमिनीस भेगा पडतात, आणि कौतुकानें लावलेलीं नाजूक रोपें माना टाकतात. अशा ऐन उन्हांत जीं थोडीं झाडें नटून उभीं राहतात, त्यांपैकीं एकाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे. तें झाड म्हणजे चिनाई मेंदी. इंग्रजींत हिला क्रेप मर्टल म्हणतात, आणि हिंदी मुलखांत ही सावनी या नांवानें ओळखली जाते. लावण्यास ही सोपी व अंगानें काटक. तरीही पुष्कळ अंगणांत ती वर्षानुवर्षें फुलत नाहीं. तिच्या या रुसव्याचें कारण आम्हांस आमच्याच चुकांवरून कळलें, म्हणून तें येथें सांगतों.

प्रथम झाडाची थोडी माहिती देऊं. हिचें शास्त्रीय नांव लागरस्ट्रोमिया इंडिका. लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें तें १७५९ सालीं दिलें. त्यांतील पहिला शब्द मॅग्नस फॉन लागरस्ट्रॉम या गृहस्थाच्या नांवावरून घेतलेला आहे. हा गृहस्थ स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक असून, पूर्वेकडील वनस्पतींचे नमुने लिनीअसकडे पाठवीत असे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘हिंदुस्थानची’ असा असला, तरी हिचें प्रसिद्ध माहेर चीन देश होय. तेथें हिचा बहर फार दिवस टिकतो म्हणून हिला ‘शंभर दिवस लाल’ असेंही म्हणतात. जपानांत हिला ‘सारुसुबेरी’ म्हणतात. म्हणजे जिच्यावरून माकडही घसरतें ती. जुनी साल पापुद्र्यांनीं गळून खालचें खोड इतकें गुळगुळीत निघतें, कीं हें नांव हात लावणाऱ्यास तत्काळ पटतें. आपल्या महाराष्ट्राचें राज्यपुष्प जें तामण, तें हिचें थोरलें भावंड. आणि हातावर रंगणारी मेंदी व रानांतील धायटी हींही याच कुळांतलीं.

फुलाची एक पाकळी तळहातावर घेऊन पाहावी. बहुधा सहा पाकळ्या असतात. प्रत्येकीस बारीक देंठ, आणि वरचा भाग क्रेपच्या कापडाप्रमाणें चुण्या पडलेला. इंग्रजी नांवाचें मूळ या चुण्यांतच आहे. मध्यें पिवळ्या केसरांचा झुबका, व त्याच्या बाहेर सहा केसर इतरांहून लांब. मधमाशी पिवळे पराग गोळा करण्यांत गुंतली, कीं हे लांब केसर तिच्या अंगास हळूच पराग लावतात. रंग गुलाबी, जांभळा, तांबडा व पांढरा.

आतां आमची हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांची दूर बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशीं तो मुलगा आपल्या अंगणांतील चिनाई मेंदीचें एक रोप डब्यांत घालून घेऊन आला, व म्हणाला, “सर, नव्या घरीं अंगण नाहीं. हें तुमच्याकडे लावाल ना? फूल आलें म्हणजे मला कळवा.” आम्हीं कबूल केलें. रोपावर डोळा राहावा म्हणून तें स्वयंपाकघराच्या मागें, निंबाच्या सावलींत, मोरीच्या पाण्याजवळ लावलें. महिन्यामहिन्यास खत घातलें. पाण्यास तर खंडच नव्हता. मृगाचा पाऊस पडला, कीं झाड नीटनेटकें दिसावें म्हणून हातांत कात्री घेऊन त्याचे शेंडे सारखे करीत असूं.

झाड वाढलें; पानें हिरवींगार झालीं. पण पहिलें वर्ष गेलें, दुसरें गेलें, तिसरेंही गेलें; फूल म्हणून आलें नाहीं. उलट पावसाळा सरतांच पानांवर पिठासारखी पांढरी भुरी चढे. दर दिवाळीस त्या मुलाचें पत्र येई, आणि शेवटच्या ओळींत एकच प्रश्न असे, “सर, फूल आलें का?” उत्तर लिहितांना आमची लेखणी अडखळे. चौथ्या वर्षीं आम्ही इतके त्रासलों, कीं झाड काढून टाकण्यासाठीं कुदळ मागविली.

शाळेच्या बागेंत काम करणारे एक वृद्ध माळीबाबा त्या दिवशीं सहज घरीं आले होते. त्यांनीं झाडाकडे पाहिलें, वर निंबाकडे पाहिलें, पायानें चिखल चाचपला आणि म्हणाले, “मास्तर, याला रोग न्हाई, अजीर्ण झालंया. ऊन द्या, आन् थोडं उपाशी ठिवा. फुटव्याच्या दिसांत कातरी लावू नगा.” या तीन वाक्यांत झाडाचें सारें शास्त्र आलें होतें, आम्हांस तें पुढें पुस्तकें चाळल्यावर उमगलें.

पहिली गोष्ट ऊन. निदान सहा तास लख्ख ऊन मिळाल्यावांचून ही फुलत नाहीं. सावलींत ती उन्हाच्या शोधांत उंच व किरकोळ होते, आणि वारा न खेळल्यामुळें पानांवर भुरी वाढते. दुसरी गोष्ट खतपाणी. नत्राचा मारा झाला, कीं झाड पानें व फांद्या करण्यांतच रमतें. कळ्या धरण्याचें विसरतें. तिसरी गोष्ट छाटणी. हिचा फुलोरा त्याच वर्षीं फुटलेल्या नव्या फांदीच्या शेंड्यावर येतो. ज्या शेंड्यांत फुलें यावयाचीं, तेच आम्ही दर वर्षीं ज्येष्ठांत मोठ्या हौसेनें कापून टाकीत होतों!

पौषांत पानें गळून झाड झोपीं गेल्यावर आम्हीं तें मुळांभोंवतालच्या मातीच्या गड्ड्यासह उचललें, व दक्षिणेकडील मोकळ्या जागीं नेऊन लावलें. ज्यांस नवें रोप लावावयाचें आहे, त्यांनीं मात्र उन्हाळ्यांतच दोन फूट रुंद व दीड फूट खोल खड्डा खणून तापूं द्यावा. मग माती व पूर्ण कुजलेलें शेणखत यांनीं भरून पहिल्या पावसानंतर रोप लावावें. भिंतीपासून सहा-सात फुटांचें अंतर ठेवावें. काळ्या चिकण मातींत पावसाळ्याचें पाणी तुंबतें; म्हणून तेथें जागा थोडी उंच करावी, व मातींत वाळू न घालतां पालापाचोळ्याचें खत भरपूर मिसळावें. बांधकामाचा चुना व राडारोडा खड्ड्यांत पडूं देऊं नये. जमिनींत चुना फार झाल्यास झाडास लोह मिळत नाहीं. नवीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

पहिल्या वर्षीं आठवड्यांतून एक-दोनदां, पण मुळांपर्यंत मुरेल असें पाणी सकाळीं बुंध्याशीं द्यावें. रोज शिंपडलेल्या तांब्याभर पाण्यानें मुळें वरच्यावरच राहतात, आणि उन्हाळ्यांत तींच प्रथम पोळतात. बुंध्याभोंवतीं वाळलेल्या पानांचें आच्छादन घालावें. मात्र तें खोडास चिकटूं देऊं नये. मुळें खोल गेल्यावर हें झाड पाण्याची बरीच ओढ सोसतें. खत वर्षांतून एकदां, नवी पालवी फुटण्याच्या सुमारास, घमेलेंभर शेणखत इतकेंच पुरे.

छाटणी पौष-माघांत, पालवी फुटण्यापूर्वीं करावी. बुंध्यापासून निघणारे फुटवे, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या व वाळक्या काड्या काढाव्या. तीन ते पांच चांगलीं खोडें ठेवावीं. सारें झाड एका उंचीवर तोडून ठोंब करणें हें मात्र टाळावें. त्या ठोंबांतून लांब व अशक्त फांद्या निघतात, आणि पावसानें जड झालेले फुलोरे घेऊन त्या जमिनीस टेकतात. अमेरिकेच्या दक्षिण भागांत हें झाड घरोघर आहे. तेथील बागवान असल्या छाटणीस थट्टेनें झाडाचा ‘खून’च म्हणतात. एक काम मात्र लहान मुलांनींही करावें: पहिला बहर कोमेजतांच, बोंडें धरण्यापूर्वीं, सुकलेले फुलोरे खुडावे. झाडाची शक्ति बीं पोसण्यांत न जातां कांहीं आठवड्यांनीं पुन्हा फुलें येतात.

भुरीस मुख्य औषध ऊन व वारा. तरीही ती दिसल्यास हवा थंड असतां गंधकाची भुकटी उडवावी. कडक उन्हांत गंधकानें पानें करपतात. कोंवळ्या शेंड्यांवर मावा बसला, तर त्याच्या चिकट स्रावावर काजळी धरते. पाण्याची जोरदार धार मारल्यानें मावा बहुतेक निघून जातो. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत डोनाल्ड एगॉल्फ या शास्त्रज्ञानें जपानांतील एका भावंड-जातीशीं संकर करून भुरीस सहसा दाद न देणारे वाण तयार केले. त्यांतील पांढऱ्या फुलांचा ‘नॅचेझ’ हा वाण १९७८ सालीं प्रसिद्ध झाला. रोपवाटिकेंत रोप घेतांना वाणाची व त्याच्या उंचीची चौकशी करावी. कांहीं वाण कमरेइतकेच राहतात, तर कांहीं वीस फुटांच्याही वर जातात.

विकत घेण्याची सोय नसल्यास छाटणींत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर लांबीच्या कापून, दोन भाग ओलसर वाळूमिश्रित मातींत पुराव्या, व सावलींत ठेवाव्या. सर्वच जगत नाहींत, परंतु पुष्कळ जगतात. मुळें धरल्यावर हळूहळू उन्हाची संवय लावावी. बियांपासूनही रोपें होतात; मात्र त्यांचा रंग आईसारखाच येईल असा भरंवसा नसतो.

आमचें झाड नव्या जागीं पहिल्या वर्षीं नुसतें तग धरून राहिलें. आम्हीं खत घातलें नाहीं, कात्री लावली नाहीं. नुसतें पाहत बसणें हेंच सर्वांत कठीण गेलें. दुसऱ्या वर्षीं वैशाखाच्या अखेरीस, शाळेस सुटी असतां, एका सकाळीं शेंड्यावर हरभऱ्याएवढ्या गोल कळ्या दिसल्या. आठ दिवसांत त्यांतून चुण्याचुण्यांची गुलाबी फुलें उमललीं, आणि थांबत थांबत भाद्रपदापर्यंत येत राहिलीं. माळीबाबांस आम्हीं मुद्दाम बोलावून आणलें. ते कांहीं बोलले नाहींत. खोडावरून एकदां हात फिरवून हंसले.

त्या दिवाळीस आम्हीं पत्राची वाट पाहिली नाहीं. आधींच पाकीट धाडलें. आंत वहींत दाबून वाळविलेला एक फुलोरा, आणि डब्यांत लावून ठेविलेल्या सहा नव्या काड्यांपैकीं एक त्याची आहे, हा निरोप. बाकीच्या पांचांपैकीं तीन रोपें अजून आमच्या ओट्यावर आहेत. ज्यांच्या घरीं उन्हाची मोकळी जागा असेल, त्यांनीं पहिल्या पावसाच्या सुमारास येऊन खुशाल न्यावीं.