गोधडीचे आयुष्य तिच्या काठावर

घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ओढ्यावर, विहिरीवर, नाहीतर घरामागच्या नळावर गोधड्या भिजत पडतात. कोरडी असताना एका हाताने उचलता येणारी गोधडी पाणी प्यायली, की एकटीच्या बळाला दाद देत नाही. मग दोघीजणी दोन टोके धरतात आणि उलटसुलट पीळ देतात. त्या वेळी सगळा भार येतो तो काठावर.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी असाच पीळ देताना मी शिवलेल्या पहिल्या गोधडीचा गोट तुटून माझ्या हातात आला. माझ्या आईच्या जुनेराची होती ती गोधडी. उन्हाळ्यात कामे उरकल्यावर रोज दुपारी ओसरीवर बसून, महिनाभर मी तिला धावदोरा घातला होता. मधले टाके जसेच्या तसे होते. कापडही विरले नव्हते. गेला होता तो फक्त काठ. मला रडूच कोसळले.

आत्याबाईंनी तो तुटलेला गोट बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, “अगं, ह्याच्या पोटात काहीच नाही. नुसती रिकामी पिशवी शिवलीस तू. गोट लावायच्या आधी कडा कापून सारख्या केल्या होत्यास का?”

मी केल्या नव्हत्या. आईच्या लुगड्याला कात्री लावायला मन धजले नव्हते. बाहेर आलेले कापड मी आत दुमडले आणि वरून गोट चढवला. वरून काठ सरळ दिसला. आत मात्र काही पदर गोटापर्यंत पोहोचलेच नव्हते, तर काही ठिकाणी त्यांचा बोळा झाला होता. गोटाची शिवण वरच्या आणि खालच्या कापडातूनच गेली होती. पहिल्याच पिळाला ती सुटली.

कडा पुढेमागे का होतात?

गोधडी म्हणजे एकावर एक घातलेले पदर. नऊवारी लुगडे 324 इंच लांब. त्याच्या चार घड्या केल्या, की एकेक पदर 81 इंचांचा, म्हणजे पावणेसात फुटांचा होतो. एका माणसाच्या गोधडीला एवढी लांबी पुरते. साडेपाच मीटरच्या साडीच्या तीन घड्या केल्या, तर पदर साधारण सहा फुटांचा होतो. त्यावर धोतर, चादर, मुलांचे जुने कपडे असे आणखी थर येतात.

प्रत्येक टाका कापड थोडेथोडे आवळतो. शेकडो टाके पडल्यावर प्रत्येक थर थोडा आखडतो, पण सगळे थर सारखे आखडत नाहीत. मऊ झालेले सुती लुगडे जास्त आखडते, नवी चादर कमी. नायलॉनची साडी तर टाक्याबरोबर घसरत जाते. सुरुवातीला कितीही नीट अंथरले, तरी शेवटी कडा पुढेमागे होणारच. यात शिवणारीचा काही दोष नसतो.

अनेक घरी आधी कडा दुमडून काठापासून टाके घालायला सुरुवात करतात आणि फेऱ्या मारत मध्यापर्यंत येतात. अशा गोधडीला वेगळा गोट लागत नाही. मात्र सैल कापड मध्ये साचून फुगवटा येऊ नये, म्हणून हात सरावाचा लागतो. ज्यांना गोट लावायचा आहे त्यांनी मध्यापासून सुरुवात करून बाहेर जावे. सैल कापड हळूहळू कडेला येते. ते कापण्यासाठीच बाहेर आलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत आखूड पदर शोधा

धावदोरा पूर्ण झाला, की गोधडी सपाट फरशीवर किंवा सारवलेल्या ओसरीवर पसरावी. हाताने मध्यापासून बाहेर सारखी करावी, पण ओढू नये. ओढून कापलेली कड सोडल्यावर आत जाते आणि वाकडी होते.

आता चारी बाजूंनी अंगठा व बोट यांच्या चिमटीत कड धरून चाचपत जावे. जिथे कड पातळ लागेल तिथे आतला एखादा पदर आखूड आहे असे समजावे. आपली कापण्याची रेघ या सर्वांत आखूड पदराच्याही थोडी आत आली पाहिजे. म्हणजे रेघेवर कुठेही कात्री चालवली, तरी सगळे पदर कापले जातील. सगळ्या कामाचे मर्म एवढेच आहे.

एखादा पदर दोन इंचांहून अधिक आखूड असेल, तर त्याच्यासाठी सगळी गोधडी लहान करू नये. त्या जागी चिंधीची पट्टी आत सरकवावी, जुन्या पदरावर दोन बोटे चढवावी आणि चार टाके घालून पक्की करावी. घडीची बाजू असेल आणि आतले पदर घडीपर्यंत भरलेले असतील, तर ती बाजू कापण्याची गरज नाही.

आधी रेघ, मग टाका, मग कात्री

रेघ डोळ्यांच्या अंदाजाने मारू नये. बागेची आखणी करताना आपण दोरी लावतो, तशीच इथेही लावावी. दोघींनी दोरी ताणून धरावी आणि तिसरीने खडूने रेघ ओढावी. चारी रेघा झाल्या, की समोरासमोरच्या बाजू मोजाव्यात. त्या सारख्या आल्या, तर दोरी कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरून दोन्ही तिरपी मापे घ्यावीत. ती सारखी आली, तर कोपरे काटकोनात आहेत. एक माप जास्त आले, तर कोपरे तिरके झाले आहेत. ते आताच दुरुस्त करावेत.

यानंतर लगेच कात्री घेऊ नये. रेघेच्या आत अर्ध्या इंचावर, सगळे पदर धरून, लांब टाक्यांचा एक धावदोरा चारी बाजूंनी घालावा. कापताना पदर सरकत नाहीत ते यामुळेच. हा दोरा पुढे गोटाखाली झाकला जातो, म्हणून काढावा लागत नाही. नायलॉन किंवा टेरिकॉटचे थर असतील, तर टाके जवळजवळ घालावेत.

कात्री शिंप्याची, मोठी आणि धार लावलेली असावी. खालचे पाते जमिनीला टेकवून ठेवावे आणि डाव्या हाताचा पंजा कडेजवळ दाबून ठेवावा. गोधडी उचलून कापली, की वरचा पदर एका ठिकाणी आणि खालचा दुसऱ्याच ठिकाणी कापला जातो. जाड गोधडी एका दमात कापत नसेल, तर दोन-तीन पदर एका वेळी कापावेत. रेघ मात्र तीच ठेवावी.

लुगड्याचा जाड काठ कडेला येत असेल, तर तिथे गाठीसारखी जाडी होते आणि सुई मोडते. असा काठ आधीच सोडवून बाजूला ठेवावा.

गोट कसा भरावा?

गोटाची पट्टी तीन इंच रुंद घ्यावी. ती गोधडीच्या वरच्या बाजूला, सुलट बाजू खाली करून, कडेला कड जुळवून ठेवावी आणि कडेपासून पाऊण इंचावर शिवावी. मग पट्टी कडेवरून मागे वळवावी, अर्धा इंच आत दुमडावी आणि हाताने तुरपाई करावी. कड सरळ कापलेली असली, की गोटात पदर काठोकाठ भरतात. बोटाने दाबून पाहावे. काठ सगळीकडे सारखा टणक लागला पाहिजे. कुठे पोकळ लागला, तर तिथले टाके सोडून पुन्हा घालावेत. आज दहा मिनिटे जातील, पण गोधडी वाचेल.

साडेसहा फूट लांब आणि 44 इंच रुंद गोधडीचा घेर 244 इंच होतो. जोड आणि कोपरे धरून 256 इंच पट्टी हवी. 45 इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटर कापडातून तीन-तीन इंचांच्या सहा पट्ट्या निघतात आणि तेवढ्यात काम भागते. नवे कापड असेल, तर आधी भिजवून वाळवावे. नाहीतर पहिल्या धुण्यात गोट आटतो आणि काठाला चुण्या पडतात. लुगड्याचा सोडवलेला काठही गोटाला चांगला. तो अंगच्या कापडापेक्षा बहुधा घट्ट असतो. मात्र दोन्ही हातांनी ओढून पाहावा. चर्र आवाज आला, तर वापरू नये. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला जरीचा काठ लावू नये, तो टोचतो.

कोपरे गोल हवे असतील, तर ताटली ठेवून चारी कोपऱ्यांवर सारखी रेघ मारावी आणि गोट उरेब पट्टीचा घ्यावा. सरळ पट्टी गोलाईवर नीट बसत नाही.

कापूस भरलेली दुलई असेल, तर थोडा फरक करावा. कापूस दाबला जातो, म्हणून तो वरच्या कापडाच्या बरोबरीने न कापता पाव इंच बाहेर ठेवावा. गोटात दाबल्यावर तो बरोबर बसतो. कडेचा कापूस हाताने तोडू नये, मागचा कापूसही ओढला जातो. कात्रीनेच कापावा.

जुन्या गोधडीचा काठ गेला असेल तर

काठ गेला म्हणून गोधडी गोठ्यात टाकू नये. जुना गोट पूर्ण उसवावा, कड चाचपावी आणि सगळे पदर जिथे भरीव लागतात तिथे नवी रेघ मारावी. गोधडी चारी बाजूंनी दोन-तीन बोटे लहान होईल, पण आणखी काही वर्षे अंगावर राहील. कापलेली कात्रणेही फुकट जात नाहीत. उशीत भरता येतात, पायपुसणे होते, डोक्यावरच्या घागरीला चुंबळ होते.

माझी गोधडीही आम्ही अशीच दुरुस्त केली. आत्याबाईंनी दोरी धरली, मी रेघ मारली. कात्री हातात घेतल्यावर मी पुन्हा थांबले, तेव्हा त्या म्हणाल्या, “काप गं. आईचं लुगडं जपायचंय ना? मग कापच.”

मी कापले. लुगड्याचा हिरवा काठ निघाला होता, तोच गोट म्हणून लावला. पुढे त्या गोधडीत माझी दोन्ही मुले निजली. दर वर्षी घटस्थापनेआधी ती धुतली, पिळली, कुंपणावर वाळवली. मधले कापड आता इतके विरले आहे, की उजेडात धरले तर पलीकडचे दिसते. काठ मात्र अजून आहे.