धावपट्ट्याच्या यंत्रातील विद्युत्-दोषांचे निदान

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत धारित्रे, अर्धसंवाहक स्विच, रोधक असे भाग सुटे मिळतात. घरगुती व्यायामाच्या धावपट्ट्याचा, म्हणजे ट्रेडमिलचा, बिघडलेला नियंत्रक-बोर्ड दुरुस्त करणे त्यामुळे अशक्य नाही. तथापि कोणता भाग जळाला हे शोधणे आणि तो का जळाला हे ठरविणे, ही दोन भिन्न कामे होत. दुसरे टाळल्यास पहिल्याचे श्रम बहुधा फुकट जातात.

या यंत्रांपैकी पुष्कळांत एकदिश प्रवाहावर चालणारी, स्थायी चुंबकाची मोटार असते. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्याचे एकदिशीकरण होऊन धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट दाब साठतो. अर्धसंवाहक स्विच तो सेकंदास हजारो वेळा जोडून-तोडून मोटारीस मिळणारा सरासरी दाब, आणि पर्यायाने वेग, ठरवितो. मोटारीतील प्रवाह मात्र पट्टा ओढण्यास लागणाऱ्या जोराच्या प्रमाणात वाढतो. वंगण सुकून हा जोर दीडपट झाला, तर वेटोळ्यांतील उष्णता, प्रवाहाच्या वर्गानुसार, सव्वादोन पट होते. अशा यंत्रात बसविलेला नवा स्विचही लवकरच जळावा, यात नवल नाही. ज्यास इलेक्ट्रॉनिक दोष म्हणतात त्याचे मूळ कित्येकदा थोड्या सिलिकॉन तेलाच्या अभावात सापडते!

स्विच जळून आरपार जोडला गेला, तर सगळा दाब मोटारीवर येतो व पट्टा एकदम पूर्ण वेगाने धावू लागतो. त्यावर उभा असलेला मनुष्य पडल्यावाचून राहत नाही. म्हणून नवा स्विच बसविल्यावर प्रथम मोटार सोडवून, १०० वॅटचा तंतूचा दिवा एकसरीत जोडून पुरवठा द्यावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला, तर धारित्र भरले असे समजावे. तो पूर्ण तेजाने जळत राहिला, तर बोर्डात लघुमंडल शिल्लक आहे. परंतु दिव्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो.

प्लग काढल्याने धोका संपत नाही. ४७० मायक्रोफॅरडचे धारित्र ३२५ व्होल्टला सुमारे २५ ज्यूल ऊर्जा साठविते. १० किलोओहमचा, पुरेशा वॅटचा रोधक अर्धा मिनिट जोडून ते रिते करावे, आणि मापकाने खात्री झाल्यावरच हात लावावा.

पट्टा सुरू होऊन काही सेकंदांत थांबत असेल, तर संशय वेगसंवेदकावर घ्यावा. तो चुंबकाने मिटणारा साधा रीड-स्विच असल्यास, पुरवठा तोडून रूळ हाताने फिरवावा. चुंबक समोरून जाताना मापकाने संधान दाखविले पाहिजे. हॉल-संवेदकास ही कसोटी लागू पडत नाही, कारण त्यास कार्य करण्यासाठी स्वतःचा पुरवठा लागतो.