पाटल्यांची गाडी

"भंगारात द्यायची तर खुशाल द्या. पण आधी माझ्या पाटल्या परत आणून द्या!"

सासूबाई एवढंच बोलल्या आणि देवघरात निघून गेल्या. दारात भंगारवाला उभा होता, 22 हजार म्हणत होता. यांचा चेहरा पडला आणि मी खाली बघत राहिले. कारण गाडी भंगारात काढायची वेळ आली होती ती माझ्यामुळेच.

गाडी म्हणजे आमची काँटेसा. तुमच्यापैकी ज्या चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांना ती नक्की आठवत असेल. लांबलचक बॉनेट, ऐसपैस डिकी, मागे तिघी-चौघी मांडी घालून बसतील एवढी जागा. कारखान्याचे चेअरमन, मोठे साहेब, आमदार-खासदार अशा लोकांची ती गाडी. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात 1984 च्या सुमारास ती तयार व्हायला लागली. साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर गाडीचा. सुरुवातीला तिला अँबॅसॅडरचंच 1500 सीसीचं इंजिन होतं. एवढ्या जड गाडीला ते पुरेना, म्हणून पुढे जपानच्या इसुझूचं 1800 सीसीचं इंजिन आलं आणि 'काँटेसा क्लासिक'चा तोरा वाढला. 2002 मध्ये ही गाडी बनायची बंद झाली.

आमचे सासरे, अण्णा, साखर कारखान्यात नोकरीला होते. आयुष्यभर साहेबांच्या काँटेसाकडे बघत सायकलवर गेले. 1998 मध्ये निवृत्त झाले आणि 1994 सालची एक काँटेसा घेऊन आले. पैसे कमी पडले तेव्हा सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या. त्यांना कुणी विचारलं नाही. पुढची अठरा वर्षं त्या त्या गाडीत मागेच बसल्या. पुढची सीट अण्णांच्या मित्रांसाठी!

2016 मध्ये अण्णा गेले. यांना गाडीची आवड नाही, यांचं स्कूटरवर भागतं. मीच अडतिसाव्या वर्षी हट्टाने गाडी शिकले. बचत गटाचं सामान न्यायला, आरोग्य शिबिराला बायकांना आणायला मला गाडी हवीच होती. पेट्रोल भरायचं आणि चालवायची, एवढंच माझं काम. बाकी गॅरेजवाला बघेल.

आणि मग तो दिवस आला. 2023 चा डिसेंबर. पाचगणीला आमच्या गटाने नाचणीचे पापड, कुरडया, चटण्या असा माल विकायला नेला होता. विक्री छान झाली. गाडीत मी आणि गटातल्या चौघी. गाणी म्हणत पसरणी घाट उतरत होतो. खाली वाई दिसत होती. एका वळणावर मी ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं!

मैत्रिणींनो, तो क्षण मी शब्दांत सांगू शकणार नाही. दोन-तीनदा भराभर पेडल दाबलं, तेव्हा जरासं धरलं. गिअर खाली आणत दुसऱ्यावर आणि मग पहिल्यावर टाकला. इंजिन किंचाळलं, पण वेग कमी झाला. हॉर्न वाजवत, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या कडेला घासत नेली तेव्हा ती थांबली. डावीकडचा पत्रा गेला. माणसं वाचली. मागे बसलेली एक जण माझ्या खांद्याला धरून रडत होती. तिची दोन लेकरं घरी वाट बघत होती.

त्याच्या तीनच आठवडे आधी गाडीचं सर्व्हिसिंग झालेलं होतं. बिलावर 'ब्रेक चेक' असं लिहिलेलंही होतं. घरी सगळे त्या गॅरेजवाल्यावर तुटून पडले. पण खरं सांगू? ब्रेक मऊ लागतोय, हे मला आठवडाभर जाणवत होतं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने ओला काळपट ओघळ आलेला मी गाडी धुताना पाहिला होता. रस्त्याचं डांबर असेल म्हणून पुसून टाकला. कुणाला बोलले नाही. म्हटलं, गाडीतलं आपल्याला काय कळतंय? उगाच हसतील.

हे मी कोण म्हणतेय? जी शिबिरात गावोगावच्या बायकांना रागावते, "दम लागत होता तर सहा महिने गप्प का बसलीस?" म्हणून! रक्त 7 वर आलेली बाई मला सांगते, "काही नाही हो ताई, जरा थकवा आहे." मीही माझ्या ब्रेकबद्दल अगदी तेच म्हणाले होते.

सासूबाईंच्या त्या वाक्यानंतर भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. मी साताऱ्याच्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. ते आले आणि यांच्याशीच बोलायला लागले. मी म्हटलं, "काका, गाडी मी चालवते. मला सांगा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं वहिनी, मग बांगड्या काढून ठेवा आणि इकडं या."

त्यांनी मागचं चाक काढलं, ड्रम काढला. आतल्या छोट्या सिलिंडरचं रबर झिजून तिथून ब्रेक ऑईल गळत होतं. वर डब्यात ऑईल कमी दिसलं की ते नुसतं भरून टाकायचं काम चालू होतं. "वहिनी, घरातलं तूप रोज कमी व्हायला लागलं तर डबा भरत राहाल, का कोण खातंय ते बघाल?" मी आयुष्यात विसरणार नाही हे वाक्य. ब्रेकचे लायनर झिजले की पातळी थोडी उतरते, पण भरभर उतरत असेल तर गळती शोधायलाच हवी.

दुसरं म्हणजे ते ऑईल चहासारखं काळं झालं होतं. ब्रेक ऑईल हवेतला दमटपणा ओढून घेतं, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठासारखं. घाटात सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. गाडी फिरली नसेल तरीही! आणि डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच ऑईल घालायचं. दुसरं कुठलंही तेल गेलं तर आतली रबरं फुगून निकामी होतात. घाट उतरतानाही ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, गिअर खालचा ठेवायचा.

मग एकेक करत सगळंच निघालं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरल्याने आत क्षार आणि गंज. तो साफ करून कूलंट घातलं. रबरी होज पाइप बोटाने दाबले तर करकरले, तेही बदलले. पेट्रोलच्या नळ्यांचं तर वेगळंच. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही बनतं, म्हणजे अण्णांच्या कारखानदारीचंच लेकरू. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याला सोसतीलच असं नाही. त्या नव्या, टिकाऊ घातल्या. कार्बोरेटर उघडून धुतला. गाडी या इंजिनवर मागच्या चाकांनी चालते, त्यामुळे खालून जाणाऱ्या लांब दांड्याच्या क्रॉसला ग्रीस दिलं. पायाखालचं मॅटिंग उचललं, तर पत्र्याला दोन ठिकाणी गंजाने भोकं! ती वेल्डिंग करून भरली. काही भाग पुण्याच्या नाना पेठेतून आले, काही मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून. दीड महिना गेला, पत्र्यासकट 38 हजार खर्च आला. त्यातले निम्मे माझ्या शिवणकामाचे.

2024 मध्ये गाडीचं पासिंग होतं. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. एप्रिल 2022 मध्ये त्याची फी 600 वरून 5 हजार झाली होती, तीच तेव्हा भरली, शिवाय पर्यावरण कर. आरटीओत साहेबांनी विचारलं, "गाडी कुणाची?" मी म्हटलं, "माझी." खरं तर सासूबाईंची म्हणायला हवं होतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी दहा मिनिटं गाडीला देते. कुठलीही गाडी असो, जुनी की नवी, हे तुम्हालाही जमेल:

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर कुठे डाग पडलाय ते बघा. काळा-तपकिरी डाग इंजिन ऑईलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा, आणि चाकापाशी चिकट ओल असेल तर ब्रेक ऑईलचा. तसं दिसलं तर गाडी हलवू नका.

गाडी चालू करण्यापूर्वी ब्रेक दाबून धरा. पेडल टणक लागलं पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर तिथेच थांबा.

सपाट जागेवर ऑईलची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून बघा. दोन खुणांच्या मध्ये ऑईल हवं.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कुकरची शिट्टी उचलू नये तसंच.

टायरवर शेवटी चार आकडे असतात. 2312 म्हणजे 2012 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी जुनं रबर कडक होतं, फुटतं. आमच्या स्टेपनीचं वय तेव्हा अकरा वर्षं निघालं!

गॅरेजमधून गाडी घेताना बदललेला जुना भाग मागून घ्या. लाजू नका. आणि काय काय केलं ते बिलावर लिहून घ्या.

पासिंग झालं त्या दिवशी सासूबाईंना मेणवलीच्या घाटावर घेऊन निघाले. त्या सवयीने मागचं दार उघडायला लागल्या. मी म्हटलं, "आई, पुढे बसा." जरा घुटमळल्या, मग बसल्या. गावाबाहेर पडेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इथनं एवढं सगळं दिसतं होय गं?"

पाटल्या काही परत आल्या नाहीत. येणारही नाहीत. पण आता रविवारी सकाळी पुठ्ठा बघायला त्याच आधी जातात, पदर खोचून, हातात बॅटरी घेऊन. "आज काही नाही गं," असं सांगतात. आता ते 'काही नाही' बघून सांगितलेलं असतं.

तुमच्या दारात गाडी असेल, कुणाच्याही नावावर असो. तिचं बॉनेट कुठून उघडतं, ठाऊक आहे तुम्हाला?