सूर गोड, गोष्ट काळी!

ऐन दिवाळीत खुनाची गाणी! या गृहस्थाला दुसरा विषय मिळाला नाही काय, असे वाचक म्हणतील. पण काय करू? मला ती आवडतात, आणि का आवडतात याचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या संगीताला 'कंट्री' म्हणतात. त्याची एक फांदी पहिल्यापासून काळोखात वाढली. ॲपलेशियन डोंगरांत वस्ती करणाऱ्या ब्रिटिश लोकांनी सामानसुमानाबरोबर आपली जुनी कथागीतेही नेली. 'नॉक्सव्हिल गर्ल' हे त्यांतलेच. समुद्र ओलांडून आल्यावर गावाचे नाव तेवढे बदलले! १९५६ साली लूव्हिन बंधूंच्या तबकडीवर ते आले. एक तरुण आपल्या प्रेयसीला ठार मारतो, नदीत टाकतो आणि तुरुंगात जातो. का मारले, ते शेवटपर्यंत सांगत नाही. आणि हे सारे दोघा भावांच्या अशा एकजीव, मधुर आवाजांत, की अंगावर काटा यावा!

पुढे १९९२ साली 'सिक्स्टीन हॉर्सपॉवर' हा डेन्व्हर शहरातला वाद्यवृंद निघाला. त्याचा गायक डेव्हिड यूजीन एडवर्ड्स. त्याने बँजोच्या जोडीला बायबलातला पापाचा धाक आणला. पडके वाडे आणि पछाडलेली मने यांच्या कथांना 'गॉथिक' म्हणतात; तेच विशेषण या गाण्यांना चिकटले. 'हँडसम फॅमिली' हे तर एक जोडपेच. रेनी स्पार्क्स शब्द लिहिते, तिचा पती ब्रेट चाली बांधतो. त्यांचे २००३ मधले 'फार फ्रॉम एनी रोड' हे गाणे २०१४ साली 'ट्रू डिटेक्टिव्ह' या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत झाले आणि घरोघरी पोहोचले.

बाजारातली बहुतेक गाणी आपली समजूत घालतात. ही गाणी तसे काही करीत नाहीत. मरण, पाप, पश्चात्ताप असे जे विषय आपण जेवताना टाळतो, ते ही गाणी संथपणे पुढ्यात आणून ठेवतात. भीतीला सूर मिळाला, की ती चारचौघांत बसून सोसता येते. मला वाटते, त्यांची ओढ याच गुणात आहे.

मात्र एक गोष्ट मला टोचते. उत्तर कॅरोलायनातल्या टॉम डूलाला लॉरा फॉस्टर या तरुणीच्या खुनाबद्दल १८६८ साली फाशी झाली. त्याच्यावरचे 'टॉम डूली' हे गाणे किंग्स्टन ट्रिओने १९५८ मध्ये गायले आणि अमेरिकाभर गाजवले. त्यात फासावर जाणाऱ्याचे नाव पुन्हा पुन्हा येते, त्याच्याबद्दल कळवळा येतो. लॉराचे नाव मात्र एकदाही येत नाही! गोड सुरांची ही लबाडी ओळखायला हवी. म्हणून ते गाणे कुणाला ऐकवायचे झाले, तर मी आधी लॉराची हकीकत सांगतो आणि मगच तबकडी लावतो.