भर समुद्रातील पुरवठा आणि ध्वजांची भाषा

इंधनासाठी युद्धनौकेला वारंवार बंदर गाठावे लागले, तर तिचा पल्ला बंदरांनीच आखून दिल्यासारखा होतो. ही मर्यादा दूर करणे हे पुरवठानौकेचे कार्य होय. भारतीय नौदलात २०११ साली दाखल झालेली, इटलीत बांधलेली, सुमारे १७५ मीटर लांबीची ‘दीपक’ ही याच वर्गातील नौका. नौका न थांबविता शेजारून तेल देण्याची पद्धत अमेरिकी नौदलाच्या ‘मॉमी’ या तेलवाहू नौकेने १९१७ साली अटलांटिक महासागरात यशस्वी करून दाखविली. तिच्या सिद्धतेत चेस्टर निमिट्झ या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता.

या क्रियेत दोन्ही नौका सुमारे पन्नास मीटर अंतर राखून समांतर चालतात. मधल्या पाण्याचा वेग वाढून दाब घटतो आणि नौका परस्परांकडे ओढल्या जाऊ लागतात. म्हणून एक नौका दिशा व वेग स्थिर ठेवते. अंतर सांभाळण्याचा भार दुसरीवर असतो. आधी बारीक दोर, त्यामागून जाड तार आणि तारेच्या आधाराने तेलाची नळी पलीकडे जाते. अशा वेळी संदेशाचा अर्थ चुकणे म्हणजे नळी तुटणे किंवा टक्कर होणे. त्यामुळे येथील संकेतव्यवस्था भाषाभ्यासकानेही पाहण्याजोगी आहे.

नाटो नौदलांच्या पद्धतीत ‘रोमिओ’ हा ध्वज टोकाच्या थोडा खाली असल्यास ‘तयारी चालू आहे’ असा अर्थ होतो. तो टोकाला भिडला, की स्थिर नौकेवर त्याचा अर्थ ‘मी सज्ज आहे, या’ आणि दुसरीवर ‘मी येत आहे’ असा होतो. पहिला दोर हाती येताच तो उतरवितात. अर्थात वक्ता बदलला, की त्याच चिन्हाचा अर्थ बदलतो. आपल्या सर्वनामांचेही असेच असते. ‘प्रेप’ हा ध्वज खाली असता ‘पंधरा मिनिटांत विलग होणार’, टोकाला ‘विलग होत आहे’ आणि उतरविल्यावर ‘सर्व दोर सुटले’ असे सांगतो. येथे ध्वज हा जणू धातू आणि उंची हा प्रत्यय: करणार, करीत आहे, केले.

तेल किंवा स्फोटके देताना फडकणारा लाल ‘ब्राव्हो’ मात्र या नियमाला अपवाद भासतो. तो टोकाला असता ‘देणे चालू’ आणि उतरविल्यावर ‘देणे पूर्ण’. पण खाली असता ‘देणार’ असा नव्हे, तर ‘तात्पुरते थांबले’ असा अर्थ होतो. तथापि नियम किंचित व्यापक केल्यास हा विरोध मिटतो. खालची उंची भविष्यकाळ दर्शवीत नसून ‘क्रिया चालू नाही, पण संपलेलीही नाही’ एवढेच दर्शविते. क्रिया सुरू व्हायची आहे की खंडित झाली आहे, हे ध्वजावरून ठरते.

२०१६ च्या भारत-अमेरिका रसदकरारान्वये सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय ‘तलवार’ने उत्तर अरबी समुद्रात अमेरिकी ‘युकॉन’कडून इंधन घेतले. भिन्न देशांच्या नौका अशा रीतीने शेजारी येतात, तेव्हा थोडक्या चिन्हांत निःसंदिग्ध बोलणाऱ्या व्यवस्थेचे मोल ध्यानी येते. चिन्हे थोडी असूनही व्यवहार अडत नाही, कारण अर्थ एकट्या चिन्हात नसून त्याच्या स्थानात व वक्त्यातही आहे.