ठोकले की कडक, तापवले की मऊ

जुन्या वायरीचा तुकडा घ्या. त्याला वीज जोडलेली नसावी. वरचे प्लॅस्टिक सोलून आतली तांब्याची जाड तार काढा. एकाच जागी ती पुढे-मागे वाकवा. पहिल्यांदा ती सहज वाकेल. मग जोर लावावा लागेल. शेवटी तटकन तुटेल. तार तीच, हात तोच. मग मधे काय झाले?

धातू वरून एकसारखा दिसतो. पण आतून तो बारीक कणांचा बनलेला असतो. प्रत्येक कणात अणूंच्या रांगा असतात. कवायतीला मुले उभी राहतात ना, तशा. धातू वाकवला की या रांगा एकमेकींवरून सरकतात. म्हणून तो तुटत नाही, वाकतो. पण घाव वाढले, की रांगा विस्कटतात आणि एकमेकींत अडकतात. सरकायला वाट राहत नाही. धातू कडक होतो. तरीही ठोकत राहिलो, तर तडकतो.

हे तांबटाला पक्के ठाऊक असते. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडतात. ठोकता ठोकता पत्रा कडक झाला, की तांबट थांबतो. भांडे भट्टीत लालसर तापवतो आणि गार करतो. पत्रा पुन्हा मऊ होतो.

याचे कारण असे. उष्णतेने अणूंना हलायला बळ येते. विस्कटलेल्या कणांच्या जागी नीट रांगांचे नवे कण तयार होतात. याला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात. तांबे वितळते 1085 अंशांना. पण खूप ठोकलेल्या तांब्यात नवे कण 200 ते 300 अंशांच्या आसपासच धरू लागतात. शिशात तर हे घरातल्या साध्या हवेतही घडते. म्हणून शिसे कितीही ठोका, मऊच राहते.

मात्र फार वेळ तापवणेही बरे नाही. मग नवे कण शेजारच्यांना गिळून मोठे होतात. असा पत्रा ताणला, तर अंगावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो.

भांडे पुरे झाल्यावर तांबट ते तापवत नाही. गार भांडे तो मठारतो, म्हणजे सगळीकडे सारखे घाव घालतो. ते ठसे दिसायला छान दिसतातच. पण त्यांनी भांडे कडक होते, लवकर पोचे पडत नाहीत.

आता कोयत्याकडे वळू. त्याची गोष्ट वेगळी आहे, बरे का! लाल तांबे पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. लाल पोलाद बुडवले तर कडक होते. पोलादात थोडा कार्बन असतो. लाल तापल्यावर तो लोखंडात मुरतो. एकदम गार केले, की तो रांगांत अडकून बसतो आणि रांगा सरकू देत नाही. लोहार याला पाणी देणे म्हणतो. मग धार फार ठिसूळ होऊ नये, म्हणून तो ती पुन्हा बेताने तापवतो. घासलेल्या धारेवर आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा रंग चढतो. पिवळा सुमारे 220 अंशांना, निळा 300 च्या आसपास. रंग जितका पुढे जाईल, तितकी धार मऊ.

बारामती, जळोची, इंदापूर हा आपला उसाचा मुलूख. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मजुरी टनावर मिळते. धार गेली, की कष्ट वाढतात आणि टन घटतात. म्हणून दोन गोष्टी सांभाळा. कुऱ्हाडीचा दांडा मोडला, तर आतला तुकडा काढायला ती चुलीत टाकू नका. तुकडा ठोकून काढा. आणि फिरत्या चाकावर धार लावताना कोयता मधून मधून पाण्यात बुडवा. धार निळी पडली, तर तिचे पाणी उतरले असे समजा. नुसते घासून ते परत येत नाही. निळा भाग पुरता घासून टाकावा लागतो, नाहीतर लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावे लागते.