घरच्या संगणकाला वेगळा अँटीव्हायरस हवा का?

दीपावलीच्या वहीपूजनात लाल बांधणीच्या चोपड्याशेजारी लॅपटॉप मांडण्याची रीत आता अनेक व्यापारी कुटुंबांत रुळली आहे. कुंकवाचे स्वस्तिक वहीवर निघते; परंतु वर्षाचे खरे येणे-देणे, जीएसटीची विवरणपत्रे आणि ग्राहकांच्या नोंदी त्या यंत्राच्या पोटात असतात. त्याच यंत्रावर दिवसा सूनबाई बिले तयार करतात, सायंकाळी नातू अभ्यास करतो आणि दुपारच्या निवांत वेळी आजोबा प्रवचन ऐकतात. अशा घरच्या संगणकासाठी दरवर्षी पैसे भरून वेगळा अँटीव्हायरस घ्यावा का, हा प्रश्न नूतनीकरणाची सूचना पडद्यावर झळकली की हमखास उपस्थित होतो. ज्या घरी विंडोज परवान्याचे आहे आणि वेळच्या वेळी अद्ययावत होते, त्या घराला तो बहुधा लागत नाही.

एके काळी मात्र या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे होते. फ्लॉपीमधून विषाणू पसरत होते, त्या काळी संगणकाला स्वतःचे असे संरक्षण नव्हतेच. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी त्याच गरजेतून ‘क्विक हील’ उभे केले. गावोगावच्या संगणक दुकानदारांनी ते घरोघरी पोहोचवले. आजच्या वडीलधाऱ्या पिढीची अँटीव्हायरसवरची श्रद्धा त्या अनुभवातून आलेली आहे आणि ती निराधार नव्हती.

परिस्थिती पालटली ती २०१२ पासून. त्या वर्षी आलेल्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘डिफेंडर’ हा पूर्ण अँटीव्हायरस अंगभूत दिला. विंडोज १० आणि ११ मध्येही तो आहेच. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या स्वतंत्र प्रयोगशाळा अशा उत्पादनांची नियमित परीक्षा घेतात. तिथे डिफेंडर गेली कित्येक वर्षे नामांकित सशुल्क उत्पादनांच्या पंक्तीला बसतो. त्याची एक उणीव अशी की, इंटरनेट बंद असताना त्याची ओळखशक्ती काहीशी मंदावते. परंतु ज्या घरात इंटरनेट अखंड चालू असते, तिथे या उणिवेची झळ फारशी पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बाहेरचा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. नव्या लॅपटॉपबरोबर येणारा चाचणी-मुदतीचा अँटीव्हायरस मुदत संपल्यावरही तसाच पडून राहिला, तर दारात जुना, थकलेला पहारेकरी उभा आणि नवा आत बसलेला, अशी विचित्र अवस्था ओढवू शकते. अशा वेळी एक तर नूतनीकरण करावे, नाही तर तो प्रोग्राम पूर्णपणे काढून टाकावा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डिफेंडर चालू झाल्याची खातरजमा करावी.

आस्रव, संवर आणि निर्जरा समजावताना पाठशाळेत छिद्र पडलेल्या नौकेचा दृष्टान्त देतात. छिद्रातून पाणी येते तो आस्रव, छिद्र बुजवणे हा संवर आणि साचलेले पाणी उपसणे ही निर्जरा. संगणकाला हा दृष्टान्त चपखल लागू पडतो. विंडोजचे अपडेट म्हणजे छिद्र बुजवणे. अँटीव्हायरसचे बरेचसे काम पाणी उपसण्याचे. व्यापारी घरांत मात्र अपडेटची सूचना आली की ‘नंतर पाहू’ हे बटण दाबले जाते, कारण त्या क्षणी बिल काढायचे असते!

याचा हिशेब २०१७ मध्ये साऱ्या जगाने चुकता केला. विंडोजमधील एक गंभीर छिद्र बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिले होते. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच छिद्रातून दीडशे देशांतील संगणक गाठले, फाइली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. त्यानंतर २७ जून रोजी आलेला ‘नॉटपेट्या’ अधिक क्रूर निघाला. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. परक्या संकेतस्थळावरून वा अनोळखी पत्रातून नव्हे, तर रोजच्या खतावणीच्याच दारातून! मुंबईजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज त्यामुळे ठप्प झाले. तिथून आयात-निर्यात करणाऱ्यांचे कंटेनर अडकून पडले. ज्यांनी छिद्र बुजवले होते, तेही सारे वाचले नाहीत. त्याच जाळ्यातील एखाद्या कच्च्या संगणकावरून चोरलेल्या पासवर्डच्या बळावर हा प्रोग्राम पुढे सरकत होता.

मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याची किल्ली म्हणावी अशा माहितीची जगभरातील प्रत्येक प्रत नष्ट झाली होती. वाचली ती केवळ घानातील एक. आणि तीही कशामुळे, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. जोडणी तुटलेली होती, एवढीच त्या प्रतीची पुण्याई. घरच्या हिशेबाच्या बाबतीतही संगणकाला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क ही खरी राखीव प्रत नव्हे, हे या प्रसंगावरून उघड होते. संगणकावरील फाइली कुलूपबंद झाल्या, की त्या डिस्कवरील फाइलीही त्याच फटक्यात जातात.

‘फुकट मिळतो तो तरी घेऊन ठेवू’ असे म्हणणाऱ्यांसाठी अवास्टचे उदाहरण आहे. या प्रसिद्ध कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती ‘जम्पशॉट’ या आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाले. २०२० मध्ये जम्पशॉट बंद करण्यात आली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. जो पहारेकरी ठेवावा, त्यानेच घरातील बोलणे बाजारात विकावे, असा हा प्रकार.

बाहेरचा अँटीव्हायरस सर्वथा निरर्थक आहे, असे मात्र नव्हे. पेढीवर आठ-दहा संगणक एका जाळ्यात असतील, नोकरवर्गाचे पेन ड्राइव्ह ये-जा करीत असतील आणि साऱ्यांवर एका ठिकाणाहून लक्ष ठेवायचे असेल, तर त्यासाठीचे व्यावसायिक उत्पादन घेणे योग्यच. घरात तांत्रिक जाणकार कोणीच नसेल, तर अडचणीत मराठी वा हिंदीतून फोनवर बोलणारा माणूस मिळतो, यालाही मोल आहे. ते पैसे सॉफ्टवेअरपेक्षा त्या आधाराचे समजावेत. मात्र विंडोज ७ वर चालणारा जुना संगणक केवळ महागडा अँटीव्हायरस घालून सुरक्षित होत नाही. त्याची छिद्रे बुजवणे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबवले आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ नोंदणी करूनच मिळते.

चोरीच्या सॉफ्टवेअरचा विषय जरा कटू आहे, तरी टाळता येत नाही. अचौर्याचे अणुव्रत पाळणाऱ्या घरातही हिशेबाचे पॅकेज ‘क्रॅक’ केलेले आढळते. तसे पॅकेज बसवताना बहुधा पहिलीच सूचना असते: अँटीव्हायरस आधी बंद करा. कुलूप स्वतःच्या हाताने उघडून दिल्यावर ते किती रुपयांचे होते, याला काय अर्थ? फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲप उतरवले, तरी गत तीच. अशी फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे; पैसे पुढे सरकण्याआधी ते रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

नूतनीकरणाचे वाचलेले पैसे दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेण्यात घालावेत. एकीवर टॅलीची व इतर कागदपत्रांची प्रत घेऊन ती काढून कपाटात ठेवावी. दुसरी पुढच्या वेळी वापरावी आणि धाकट्या भावाच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. प्रत घेण्याचा दिवस विसरला जातो, ही नेहमीची तक्रार. परंतु ज्या घरात अष्टमी-चतुर्दशी कोणाला आठवून द्यावी लागत नाही, तिथे दर चतुर्दशीला हे काम लावून घेणे अवघड नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून मागील महिन्याचा रोजमेळ त्यात पूर्ण दिसतो का, हेही पाहावे.